पुलाखालून गेलेले घरमालक

सायकलवर बसण्याआधी घरमालक तिच्याभोवती एक फेरी मारत. पुढचे चाक उचलून फिरवून बघत, दोन्ही ब्रेक दाबत, हँडल गदागदा हलवत आणि साखळीवरून फिरवलेले बोट नाकाशी नेऊन तेलाचा वास घेत. सगळे मनासारखे असेल तर सीटवर थाप मारून स्वतःशीच ‘ठीक’ म्हणत. मग भाजी आणायला निघत. मंडई तिथून हाकेच्या अंतरावर होती.

“आवं, दोडका आणायला चाललाय, विलायतेला न्हाई,” काकू ओट्यावरून म्हणत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी.

“विलायतेला जाताना समदी बघूनच निघत्यात,” घरमालक म्हणत. “दोडका आणायला जाताना पडत्यात.”

मी त्या घरात राहत होतो तोवर हा संवाद जवळजवळ रोज ऐकला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सांगलीतल्या एका दैनिकात मी बातमीदार होतो आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली होती. पेठेत त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे ‘पायलटसाहेब’ म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते. सातारा आणि सांगली या भागात एकट्याने विमान उडवणारा पहिला माणूस म्हणून ते प्रसिद्ध होते.

लोणंदजवळच्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. घरातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत. हेही तिकडेच जायचे, पण एका संस्थानच्या मोटारखान्यात चिकटले. तिथल्या राजेसाहेबांनी हौसेने एक विमान घेतले. एकावर एक दोन पंख, बसायची जागा उघडी. विमानाबरोबर एक गोरा वैमानिक आला. त्याला इथले जेवण सोसले नाही आणि तो लवकरच परत गेला. पण जाण्याआधी मोटारखान्यातल्या या पोराला उडवायला शिकवून गेला. संस्थाने विलीन झाली, विमान भंगारात गेले आणि पायलटसाहेबांनी सांगलीत पिठाची गिरणी घातली. मी राहायला गेलो तेव्हा गिरणी जावई बघत होता. तरी गिरणीच्या पट्ट्याचा आवाज जरा बदलला, की घरमालक समोरच्याचे बोलणे अर्ध्यावर सोडून उठत.

अमेरिकेतल्या ज्या दोन भावांनी पहिल्यांदा इंजिनाचे विमान उडवले, ते मुळात सायकली दुरुस्त करणारे होते, ही माहिती ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत देत. सायकलीभोवतीच्या फेरीचे समर्थन त्यात असे.

गच्चीवर वेळूच्या टोकाला काकूंच्या जुन्या लुगड्याची तांबडी पट्टी बांधलेली होती. ती बघितल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. पट्टी दिसत नसेल तिथे ते नाकावर काम भागवत. हळदीचा वास आला की वारा पूर्वेचा, साखर कारखान्याच्या मळीचा वास आला की उत्तरेचा आणि कशाचाच वास आला नाही की नदीवरचा. भाडेकरूंनी धुणे कोणत्या दोरीवर वाळत घालायचे, हे त्यावर ठरे. एकदा मी माझ्या मनाने शर्ट वाळत घातला. संध्याकाळी त्याला मळीचा वास मारू लागला.

“वाऱ्याला इचारलं व्हतं का?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग आता घाला तसाच. हापिसात म्हणावं, कारखान्याची बातमी आणलीया.”

रस्ता मात्र त्यांना कोणी विचारू नये. काकूंच्या एका पाहुण्याने आष्ट्याला सायकलने कसे जायचे ते विचारले. घरमालकांनी मनापासून सांगितले, “नदी उजव्या हाताला ठेवायची. दोन मोठ्या हिरी शेजारी शेजारी दिसल्या, की थोडं डावीकडं व्हायचं. मग चुन्यानं रंगवलेलं एक छप्पर दिसंल, त्याच्यावरनं सरळ.” पाहुणा अंधार पडता पडता उसातून परत आला. काकूंनी नवऱ्याला जाब विचारला.

“रस्त्याचं मला काय इचारतीस?” घरमालक म्हणाले. “मी कवा रस्त्यानं गेलोय?”

जमिनीविषयीचे त्यांचे सगळे ज्ञान वरून मिळवलेले होते. उसाच्या हिरव्या रानावर आले की विमान खाली बसते आणि कवठे महांकाळकडच्या तापलेल्या माळावर गेले की खालून कोणी तरी उचलल्यासारखे वर जाते, हे ते अनुभवाने सांगत. पुढे त्यांनी हा नियम माणसांनाही लावला होता. उसाकडची माणसे बसवून घेतात, माळावरची उठवून लावतात. काकू कवठे महांकाळकडच्या. हे वाक्य ऐकले की त्या म्हणत, “मग उठा की. गिरणीत जाऊन या.”

वाढवून सांगितलेली गोष्ट त्यांना खपत नसे. कोणी म्हणाले की जत्रेला लाखभर माणूस होता, तर ते शांतपणे विचारत, “मोजलं व्हय?” शेजारच्या तालमीतल्या वस्तादाने एकदा आपण तरुणपणी अमुक इतके दूध एका दमात प्यायचो असे सांगितले. घरमालकांनी घरातून तेवढ्या मापाचे भांडे आणून त्याच्यापुढे ठेवले. वस्ताद तीन महिने त्यांच्याशी बोलला नाही. मी कारण विचारले तेव्हा घरमालक म्हणाले, “वर गेल्यावर उंचीचा काटा दावतो तेवढंच खरं. मनानं शंभर फूट वाढवलं, की म्होरं डोंगर येतो.”

आणि अशा माणसाला जन्मभर एक वाढवलेली गोष्ट चिकटली होती. पायलटसाहेब कृष्णेच्या पुलाखालून विमान घेऊन गेले होते, असे सगळी सांगली मानत होती.

घडले होते ते असे. संस्थानच्या दिवसांत, बाजारच्या वारी, ते नदीच्या पात्रावरून खाली आले. पूल जवळ आला तेव्हा त्यांनी विमान वर घेतले आणि पुलावरून पलीकडे गेले. पुलावर बाजाराला आलेली माणसे होती. आपल्याकडे विमान चाल करून येताना त्यांनी जन्मात बघितले नव्हते. सगळी माणसे पुलावर पालथी पडली, डोकी धोतरांत आणि पदरांत घातली. आवाज गेला तेव्हा माना वर केल्या, तर विमान पुलाच्या दुसऱ्या बाजूला. मग विचार सुरू झाला. आधी विमान अलीकडे होते, आता पलीकडे आहे. पुलावरून गेलेले तर कोणीच बघितले नाही. म्हणजे ते खालून गेले.

या निष्कर्षाला पुलावरच्या प्रत्येक माणसाने साक्ष दिली. मिरच्या विकायला आलेला एक गृहस्थ त्यांच्यात होता. त्याने गावी जाऊन सांगितले, की असा माणूस आपण या डोळ्यांनी बघितला. पुढच्या वर्षी त्याने आपली मुलगी त्या माणसाला दिली. काकू त्या.

त्यामुळे घरमालकांना ही गोष्ट घरातच खोडता येत नव्हती.

“मी वरनं गेलो,” ते म्हणत.

“म्हंजी माझा बाप खोटं बोलत हुता?”

“तुझा बाप पालथा पडला हुता.”

“पालथा पडला म्हणून काय झालं? कान हुतं की त्याला. आवाज खालनं आला.”

लग्नाला इतकी वर्षे झाली तरी हा वाद जिवंत होता. पाहुणे आले की काकू तो पुन्हा सुरू करत, आणि पाहुणे काकूंच्या बाजूने बोलत.

बाहेर तर आणखी कठीण. आमच्याकडे सत्काराची एक रीत आहे. ज्याचा सत्कार आहे त्याने उठून ‘मी काहीच केलेले नाही’ असे म्हणायचे असते. तो जितक्या जोराने नाही म्हणेल तितका मोठा माणूस. एका शाळेतला त्यांचा सत्कार मी बातमीदार म्हणून बघितला आहे. शाल आणि नारळ घेऊन घरमालक उभे राहिले आणि म्हणाले, “पोरांनो, मी पुलाखालनं गेलेलो न्हाई. मी वरनं गेलो. खालनं जाणं येडेपणा हाय.” मुख्याध्यापक सद्गदित झाले. “बघा मुलांनो, केवढा हा विनय!” मुलांनी टाळ्या वाजवल्या. घरमालक पुन्हा उठले. “विनय न्हाई. खरंच न्हाई गेलो.” टाळ्या वाढल्या. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मुलांनी त्यांचा जयजयकार केला. 

इथपर्यंत ही गमतीची गोष्ट होती. मग त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होणार म्हणून गावातल्या काही मंडळींनी समिती केली. मोठा सत्कार ठरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विमानातून नदीकाठी फुले टाकायची असेही ठरले. त्यासाठी रीतसर परवानगी निघाली. वैमानिकही जवळचाच मिळाला. आष्ट्याच्या एका ऊसवाल्या घरातला तरुण फ्लाइंग क्लबात शिकून तयार झाला होता. घरचे म्हणत होते, पलटणीत जा नाही तर रानात जा. तो त्यांच्याशी भांडून विमानाकडे गेला होता. क्लबाचे लहान विमान तो गावाबाहेरच्या धावपट्टीवर आणणार होता.

सत्काराच्या आठवडाभर आधी तो पेढे घेऊन घरी आला. मी तिथेच होतो. त्याने घरमालकांच्या पायांवर डोके ठेवले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “काका, फुलं टाकायची ती टाकतोच. पण खरी मानवंदना निराळी हाय. तुमी गेला तसा मीबी पुलाखालनं जाणार.”

घरमालकांच्या हातातला पेढा हातातच राहिला.

“कोण म्हणलं मी गेलो म्हणून?”

“समदी म्हणत्यात.”

“मी न्हाई गेलो.”

तरुण हसला. “तुमी असंच म्हणणार, ठावं हाय मला. शाळंत हुतो तवा तुमी आमच्याकडं आला हुता. तवाबी असंच म्हणला हुता. त्याच दिवशी मी ठरवलं, पायलट व्हायचं.”

काकू आतून चहा घेऊन आल्या. “बाबा, ह्यांचं ऐकू नगंस. माझ्या बापानं बघितलंय.”

दुसऱ्या दिवशी घरमालक त्याला नावेतून पुलाखाली घेऊन गेले. नावाडी, ते दोघे आणि मी. त्यांचा विचार सरळ होता. माप घेतले की पोराला आपोआप कळेल. त्यांनी काठावर त्याच्याकडून विमानाच्या पंखांची लांबी दोरीवर मोजून घेतली, गाठ मारली आणि नाव मधल्या कमानीखाली उभी करून तीच दोरी एका खांबापासून दुसऱ्या खांबाकडे ताणली. गाठ दुसऱ्या खांबाच्या अलीकडेच राहिली. फार नाही, पण अलीकडे.

“बसतंय की, काका!” तरुण नावेत उभा राहिला. नाव हलली.

“खाली बस गड्या,” नावाडी ओरडला. “तुला बसतंय, मला पवावं लागंल.”

“बसतंय म्हणून काय झालं?” घरमालक म्हणाले. “आत वारा काय करतोय त्याचं काय?”

“काय करतोय?”

घरमालकांनी मान वर करून कमानीकडे बघितले. त्या जागी दुसरा कोणीही असता तर त्याने काही तरी सांगून टाकले असते. ते म्हणाले, “मला ठावं न्हाई. मी गेलोच न्हाई, तर कसं सांगू?”

“बरं बरं,” तरुण म्हणाला आणि नावाड्याकडे बघून त्याने डोळा मारला.

परत येताना घरमालक सायकल हातात धरून चालत होते. मी म्हणालो, क्लबाला कळवू. एका तारेत काम होईल.

“परवाना काढून घेत्याल त्याचा. घरच्यांशी भांडून शिकलंय पोरगं. जित्तं ऱ्हाईल, पण उडणार न्हाई.” ते थांबले. “मला दोन्ही पायजे.”

“मग तुम्ही सांगून बघितलेत. मापही दाखवलेत.”

“माप दावून चुकलंच माझं. खरं सांगितलं आन् त्याला जास्तीच चेव आला.” थोडे पुढे गेल्यावर ते म्हणाले, “ते पोरगं माझं ऐकतंय कशासाठी? मी खालनं गेलो म्हणून. मी न्हाई गेलो म्हणलो, की मी कोण? गिरणीवाला म्हातारा. खालनं जाऊ नगंस, असं त्याला एकच माणूस सांगू शकतोय. जो खालनं गेलाय तो.”



पुढचे दिवस ते रोज नदीवर जाऊ लागले. एके दिवशी त्यांनी मला बरोबर घेतले. नाव कमानीखाली थांबवली आणि खिशातून उदबत्तीचा पुडा काढला. काकू सकाळपासून देवघरात तोच शोधत होत्या. त्यांनी उदबत्ती पेटवून हात लांब केला. धूर आधी वाऱ्याबरोबर सरळ गेला. कमानीच्या मध्यावर आला आणि डावीकडच्या खांबाकडे वळला. खांबाला टेकून मागे फिरला आणि आमच्याच तोंडावर आला.

“बघितलंसा? वारा जातोय तिकडं, आन् धूर जातोय खांबाला.”

“मग हे त्याला दाखवा.”

“काल दावलं. म्हणतोय, काका, उदबत्ती आन् इंजिन एक हाय व्हय?”

त्यांनी नाव थोडी पुढे घ्यायला लावली, पुन्हा धूर बघितला. विमानाच्या कोणत्या भागाला काय होईल हे ते पुटपुटत होते. डावा पंख आधी. मग शेपूट. नावाडी मला हळूच म्हणाला, “सायेब, पायलटसायबास्नी बरं हाय न्हवं?” मी बरे आहे म्हणालो.

नाव काठाला लागताना घरमालकांनी मला विचारले, “तुमी सभेची बातमी लिवता, ती मानूस बोलला तशी लिवता, का खरं झालं तशी?”

“सभेची असेल तर बोलला तशी.”

“मग बरं,” ते म्हणाले.

सत्काराला सभागृह भरले होते. तरुण पहिल्या रांगेत होता. काकू बायकांच्या बाजूला, नवे लुगडे नेसून. अध्यक्षांनी भाषणात पूल आणला, कमान आणली, आणि ‘असे धाडस पुन्हा होणे नाही’ म्हणाले तेव्हा तरुण खाली बघून हसला. ते हसू घरमालकांनीही बघितले. त्यांच्या डोक्यावर फेटा होता, खांद्यावर शाल. ते उठले आणि सभागृहात आधीच हसू पसरले. ते आता नाही म्हणणार, हे सगळ्यांना माहीत होते.

“मी पुलाखालनं गेलो हुतो,” घरमालक म्हणाले.

टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. बायकांच्या बाजूने काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “मी म्हणत न्हवते?”

“आजपातुर न्हाई म्हणत आलो, कारण मला लाज वाटती. तुमास्नी अर्धीच गोष्ट ठावं हाय. उरलेली आज सांगतो.” त्यांनी फेटा काढून टेबलावर ठेवला. “कमानीत शिरलो तवर विमान माझं हुतं. मधी गेलो आन् वारा फिरला. भायेर वारा एकीकडं, आत दुसरीकडं. डाव्या पंखाला कुणी तरी धरून खांबाकडं वढल्यावानी झालं. मी दांडा उजवीकडं घातला. विमान ऐकंना. दांडा हातात, पण मेलेला. डाव्या खांबाचं दगड मी मोजू शकलो असतो, इतक्या जवळ. मी भायेर पडलो ते माझ्या हुशारीनं न्हाई. वाऱ्यानं सोडलं म्हणून पडलो. त्याच्या मनात आलं आन् त्यानं सोडलं.”

सभागृहात पंख्यांचा आवाज येत होता.

“म्होरं माळावर उतरलो. मला खाली उतरता येईना. बोटं दांड्यावरनं निघंनात. मेंढरं राखणारा एक जण आला. त्यानं एकेक बोट सोडवलं. तो म्हणला, ‘पावनं, कुणाचं बघायला गेला हुता मरण?’ त्याला काय सांगू? तवापासनं मी न्हाई म्हणतोय. तुमी त्याला विनय म्हणता. विनय न्हाई तो. भीती हाय.” ते पहिल्या रांगेकडे बघत होते. “कुणाला मला मान द्यायचा आसंल तर त्यानं पुलावरनं जावं. चांगलं उंचावरनं जावं. खालनं जाईल त्यानं माझा अपमान केला, असं मी मानीन.”

ते खाली बसले. टाळ्या झाल्या, पण उशिरा. तरुणाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो स्वतःच्या हातांच्या बोटांकडे बघत होता.

मी भाषण बोलले गेले तसे दिले. एकही शब्द बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गर्दी होती. घरमालक पुलाच्या मधोमध, मधल्या कमानीच्या बरोबर वर, कठड्याला धरून उभे राहिले. मी शेजारी होतो. हवेला कशाचाच वास नव्हता. वारा नदीवरचा होता. विमान पात्राच्या वळणावर दिसले आणि खाली येऊ लागले. पाणी चाटून जाईल इतके खाली आले. मी घरमालकांकडे बघितले. ते हलले नाहीत. पांढरी टोपी काढून त्यांनी हात वर केला. खाली नाही, वर. विमान तसेच येत राहिले. मग त्याचे नाक उचलले गेले आणि ते आमच्या डोक्यांवरून, चांगले उंचावरून, पलीकडे गेले.

घरमालकांनी कठडा सोडला. टोपी झटकून घातली.

विमान वळून आले आणि त्यातून झेंडूच्या पाकळ्या पडल्या. समिती घाटावर हात जोडून उभी होती. पाकळ्या वाऱ्याने पलीकडच्या काठावर गेल्या आणि पाण्यात बसलेल्या म्हशींवर पडल्या.

“चुकलं येडं,” घरमालक खूश होऊन म्हणाले. “वाऱ्याला इचारलं न्हाई.”

तो तरुण संध्याकाळी घरी आला. घरमालकांच्या शेजारी ओट्यावर बसला. मग म्हणाला, “काका, मी खालनंच जाणार हुतो. काल सभेत ठरवलं, जायचं न्हाई. आन् आज म्होरं कमान दिसली तवा परत वाटलं, जावं. मग तुमची बोटं आठवली.”

“झालं ते झालं,” घरमालक म्हणाले. “म्हशींस्नी हार घालून आलास, त्याचं बोल.”

आता काकूंचा प्रश्न उरला. जन्माचा वाद त्या जिंकल्या होत्या. त्यांनी तो जिंकलेला तसाच ठेवला नाही. माझ्या बापाला इतकी वर्षे खोटे पाडलेत, तेव्हा माहेरी येऊन माझ्या भावांसमोर कबूल करा, असे त्यांनी सांगितले. घरमालक एस.टी.ने कवठे महांकाळकडे गेले, सासऱ्यांच्या फोटोपुढे हात जोडले आणि “मामा, तुमी म्हणत हुता ते खरं,” असे सगळ्यांदेखत म्हणाले. मेहुण्यांनी बोकड कापले. 

“काकूंना तरी खरे सांगा,” ते परत आल्यावर मी म्हणालो.

“तिला सांगितलं की नळावर जाईल. नळावरनं आष्ट्याला जायला किती येळ लागतोय?”

त्यानंतर कोणीही विचारले तरी ते ती गोष्ट सांगत. इतर थापाड्यांत आणि त्यांच्यात एक फरक होता. त्यांची थाप वाढत नसे. तोच वारा, तेच दगड, तीच बोटे. ऐकणारा पुढे कोणाला सांगताना उजवा पंख म्हणाला, तर ते मध्येच थांबवत, “डावा. उजवा न्हाई. नीट सांगा.” वस्तादाने विमानाला जाळ लागला होता असे सुचवून बघितले. त्यालाही त्यांनी परवानगी दिली नाही. आष्ट्याचे पोरगे मोठ्या विमानांवर गेले, देशभर हिंडू लागले, पण सांगलीला आले की ओट्यावर बसून म्हणायचे, “काका, एकदा सांगा की.” घरमालक वेळूवरच्या पट्टीकडे बघत आणि सुरुवात करत.

मी सांगली सोडली तेव्हा त्यांना विचारले, की हे कधी लिहिले तर चालेल का.

“पोरगं उडायचं थांबलं की लिवा,” ते म्हणाले. “त्याच्या आधी नगं. तवर आमी जाऊ. काळजी न्हाई, तिकडं वरनंच बघू.”

ते गेले, मग काकू गेल्या. काकूंचा शेवटपर्यंत आपल्या वडिलांच्या डोळ्यांवर विश्वास होता.

मागच्या वर्षी आष्ट्याच्या त्या तरुणाचा फोन आला. तो आता आजोबा आहे. शेवटचे विमान उतरवून निवृत्त झालो, असे त्याने सांगितले. मी त्याला सांगितले, की पायलटसाहेब पुलाखालून गेले नव्हते. वरून गेले होते. उदबत्तीचेही सांगितले.



“आन् ती बोटं?”

“तीही नाहीत.”

“तो मेंढरंवाला?”

“तोही नाही.”

“आयला,” तो म्हणाला, आणि हसू लागला. इतका हसला की घरातल्या कोणी तरी काय झाले म्हणून विचारलेले मला ऐकू आले. मग श्वास घेऊन तो म्हणाला, “आन् मी जलमभर खाली पूल दिसला की हाताची बोटं हलवून बघतोय!”